रामगढचा कोरडा तलाव

मुरलीपुऱ्यातील आमच्या बिऱ्हाडी आज बनास नदीवरील बिसलपूर धरणाचे पाणी येते. परंतु जयपूरच्या मागील पिढ्या वाढल्या त्या रामगढच्या पाण्यावर. डोंगरांतून येणाऱ्या बाणगंगेस बांध घालून महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत, 1903 साली, हा तलाव सिद्ध झाला. 1982 च्या आशियाई खेळांतील नौकानयनाच्या शर्यती येथेच झाल्या. आम्ही पाहावयास गेलो तेव्हा बांध अभंग होता, पाणी मात्र नव्हते. वरच्या अंगाला ओढ्याओढ्यांवर झालेले बंधारे आणि पात्रातील अतिक्रमणे यांनी नदी वाटेतच अडविली होती. मुळशीस 1921 साली सेनापती बापटांच्या मागे शेतकरी उभे राहिले, ते जमिनी बुडू नयेत म्हणून. येथे बुडालेली जमीन आपोआप उघडी पडली आहे. ती पाहून आम्हांस आनंद काही झाला नाही.