नवसारीची वाट

भाचीच्या साखरपुड्यासाठी सुरतेला गेलो होतो. दुसरा दिवस मोकळा होता. राम गणेश गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ चा, नवसारीचा, हे शाळेत पाठ केलेलं. सुरतेहून नवसारी तास-अर्ध्या तासावर. म्हटलं, जाऊन तर येऊ.

आम्हा नंदुरबारकडच्या लोकांना गुजरात काही परका नाही. ऊसतोडीला, सुरतेच्या कामाला आमच्याकडची किती तरी कुटुंबं जातात. वाटेतलं नवापूर स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथल्या एका बाकड्याच्या मधोमध हद्द जाते.

नवसारी जुनं गाव, पूर्वी बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यातलं. पारशांचं मोठं ठाणं. जमशेदजी टाटांचा जन्म इथलाच, १८३९ चा. त्यांचं घर लोक लगेच दाखवतात. गडकऱ्यांचं घर विचारलं तर पानवाला म्हणाला, "कोण? पेला मंत्री?"

मला हसू आलं. गुजरातीत 'पेला' म्हणजे 'ते'. आणि मी तर प्यालाच शोधत आलेलो!

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनएक वर्षांनी आमच्या गावात गणपतीत 'एकच प्याला' बसवलं होतं. गॅसबत्त्या, लुगड्यांचे पडदे. आमचे आप्पा सुधाकर झाले होते. तळीराम आला की पुरुषमंडळी पोट धरून हसायची. सिंधू जात्यावर बसली तशी बायकांच्या रांगेत पदर डोळ्याला लागले. आमची माय तेवढी रडली नाही. झोपलेल्या बहिणीला खांद्यावर टाकून ती मध्येच उठून घरी गेली. आप्पा तेव्हा मोहाची घ्यायला लागले होते, हे गावात अजून कोणाला ठाऊक नव्हतं. तिला होतं.

गडकऱ्यांनी हे नाटक रंगभूमीवर पाहिलं नाही. २३ जानेवारी १९१९ ला विदर्भात सावनेरला ते गेले. वय जेमतेम तेहतीस. महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले. शिकलेला, हुशार वकील एका अपमानाने पहिला प्याला उचलतो आणि मग घर, मूल, बायको सगळं जातं. पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी लिहिलेलं हे नाटक साठ वर्षांच्या आत तापीकाठच्या आमच्या खेड्यात पोचलं होतं. पण सुधाकराचं काम करूनही आप्पांना त्यातलं काही लागू पडलं नाही. पुढे अडीच एकर गेलं, बैलजोडी गेली. शेवटी शेवटी त्यांना आमची नावं आठवत नसत, सुधाकराची वाक्यं मात्र आठवत.

गडकरी जन्मले तो मुलूख आज गुजरातेत. तिथे राज्य झालं तेव्हापासून, १९६० पासून, दारूबंदी आहे. पण हद्दीवर राहणाऱ्याला कायदा कुठे संपतो ते डोळे मिटूनही कळतं. आप्पांना तर कळायचंच.

नवसारीत मी तिघांना विचारलं. घर काही सापडलं नाही. संध्याकाळी परतीची गाडी धरली. नवापूरला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून ते बाकडं पाहून घेतलं.

घरी आलो तर माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. कुठे गेलो होतो ते सांगितलं. ती म्हणाली,

"मंग, सापडनं का त्यासनं घर?"

"नही सापडनं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली,

"त्यासले मात्र आपलं घर सापडेल व्हतं."