कुंपणाच्या आत अडलेली बातमी

रविवार, २ डिसेंबर १९८४. भोपाळ. (वेळा कमी-अधिक पाच-दहा मिनिटांच्या.)

रात्री ९:३०
युनियन कार्बाइडच्या कारखान्यात नळ्या धुण्याचं काम चालू आहे. पाणी पुढे जाऊ नये म्हणून जोडात लोखंडी चकती घालायची असते. ती घातलेली नाही. पाणी टाकीत शिरलं ते याच वाटेनं की आणखी कुठून, यावर कंपनी पुढे वर्षानुवर्षं वाद घालणार आहे. शिरलं, एवढं मात्र नक्की. ६१० नंबरच्या टाकीत चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट आहे, पाणी लागलं की तापून वायू होणारं विष. कामगार त्याला ‘मिक’ म्हणतात. ते थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद आहे. निसटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली आहे.

रात्री ११:००
पाळी नुकतीच बदलली आहे. टाकीतला दाब दोनावरून दहावर गेला आहे. पंचवीसपर्यंतचा आकडा नेहमीचाच, म्हणून कोणी हललं नाही.

रात्री ११:३०
डोळे चुरचुरू लागले. इथे गळती कळायची ती अशीच. चहा झाल्यावर बघू, असं ठरलं.

रात्री १२:४०
काटा मोजपट्टीच्या टोकाला. टाकीवरचं काँक्रीट तडकतंय.

रात्री १२:५०
भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बाहेरचा भोंगा बंद केला गेला. आतला चालू राहिला. किरकोळ गळतीसाठी वस्तीला उगाच घाबरवायचं नाही, अशी तिथली पद्धत होती. माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात महागडं बटण हेच. रस्त्यापलीकडे जयप्रकाशनगर झोपलेलं आहे, आणि वारा तिकडूनच जुन्या शहराकडे वाहतोय.

रात्री १:००च्या पुढे
पोलिस कारखान्यात फोन करतात. उत्तर मिळतं: सगळं ठीक आहे. रस्त्यावर माणसं धावत सुटली आहेत, वायू चालला आहे त्याच दिशेनं. धावणारा जास्त श्वास घेतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे मुलांच्या उंचीवर तो अधिक दाट. नाकातोंडावर ओलं फडकं धरा आणि वाऱ्याला आडवे निघा, एवढं कोणी सांगितलं असतं तरी पुष्कळ जीव वाचले असते. पण ते सांगायला मुळात वायू कोणता हे शहराला माहीत हवं होतं.

रेल्वे स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी कोणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. फलाटावरची भरलेली गाडी वेळेआधी सोडली, शेजारच्या स्टेशनांना कळवून भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अडवल्या. त्या रात्री आपत्ती व्यवस्थापन म्हणावं असं काही झालं असेल, तर ते एवढंच.

रात्री २:००च्या सुमारास
बाहेरचा भोंगा पुन्हा सुरू झाला. तोवर टाकी बरीचशी रिकामी झाली होती.

पहाटे
हमीदिया रुग्णालयाच्या आवारात पाय ठेवायला जागा नाही. डॉक्टरांना कारखान्याकडून कळतं, की हा अश्रुधुरासारखा प्रकार आहे, डोळे पाण्यानं धुवा. समोर फुप्फुसांत पाणी भरून माणसं मरत आहेत. डॉक्टर डोळ्यांत थेंब घालतात, ऑक्सिजन पुरेल तिथे लावतात, आणि विषाचं नाव न कळता उपचार करत राहतात.

१६ डिसेंबर
उरलेला मिक संपवण्यासाठी कारखाना पुन्हा चालू केला गेला. या वेळी घोषणा आधी झाली, ओले पडदे लावले, आकाशातून पाणी फवारायला हेलिकॉप्टरं आणली. शास्त्रज्ञ धोका नाही म्हणून सांगत होते. लाखाहून जास्त लोक आधीच शहर सोडून गेले होते.