दोन चित्रकार आणि एक पॉलिसी

गेल्या महिन्यात एका गावच्या वाचनालयाकडून 'किर्लोस्कर' मासिकाच्या जुन्या अंकांचे दोन गठ्ठे माझ्याकडे बांधणीला आले. कागद पापडासारखा झालेला, कडा मोडताहेत, मधल्या पिना गंजून पानांवर तांबडे डाग पडलेले. असे अंक आधी सोडवायचे, झाडायचे, फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावायच्या आणि मगच जुजबंदी करायची. या सगळ्यात वेळ फार जातो, कारण हातातलं पान वाचल्याशिवाय राहवत नाही. बांधणी शिकवणारे काका म्हणायचे, "वाचणारा बाइंडर उपाशी मरतो." अप्पा बळवंत चौकामागच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. ते स्वतः एक ओळ वाचत नसत, आणि उपाशीही मेले नाहीत!

नियमित वाचकांना माहीत आहेच, की दिवसा मी एका कंपनीत हिशेब तपासतो आणि रात्री नऊनंतर जेवणाच्या टेबलावर पुस्तकं बांधतो. सहा वर्षं झाली. वय चव्वेचाळीस, मुलगी दहावीत, घराच्या कर्जाचे हप्ते अजून नऊ वर्षं. मार्चमध्ये ऑफिसात जी बढती मला मिळेल असं सगळे धरून चालले होते, ती दुसऱ्याला मिळाली. त्या रात्री मी राजीनाम्याचा मसुदा लिहिला. तो अजून ड्राफ्टमध्येच आहे.

तर हे अंक. हे मासिक १९२० साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालं, किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून. नांगराचा कारखाना मासिक काढतो हेच मला नेहमी गमतीचं वाटत आलंय. पण त्या कारखान्याचा मालकच मुळात चित्रकार व्हायला निघाला होता, हे ठाऊक असलं की मग तेवढं नवल वाटत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९चे, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. शाळेत मन रमेना. चित्रं आणि यंत्रं या दोनच गोष्टींचा नाद. वडिलांच्या मनाविरुद्ध, थोरल्या भावाच्या म्हणजे रामूअण्णांच्या पाठिंब्यावर ते मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये आले. सुमार १८८५चा. दोनएक वर्षांत लक्षात आलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळेपणा! चित्रकाराला याहून वाईट बातमी कोणती असणार? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांची ड्रॉइंग काढायला रंग लागत नाहीत. ते तिकडे वळले आणि नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंगचे शिक्षक झाले.

आता गंमत पहा. १८८५ सालीच जे. जे. मध्ये त्र्यंबकेश्वरचा एक पंधरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. धुंडिराज गोविंद फाळके. दोघांच्या जन्मात एक वर्षाचंही अंतर नाही. पुढे एकाने नांगर केला, एकाने सिनेमा. चित्रकार म्हणून नाव कुणीच काढलं नाही.

फाळक्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी एकाच पद्धतीने ऐकलेली असते. १९११च्या ईस्टरला गिरगावातल्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा सिनेमा पाहिला, कृष्ण आणि राम पडद्यावर दिसू लागले आणि सगळं सोडून ते उठले. मीही ती तशीच ऐकली होती आणि खरं सांगायचं तर मार्चमधला तो मसुदा लिहिताना माझ्या डोक्यात हीच गोष्ट होती. झपाटलेला माणूस, एक उडी, पुढे इतिहास.

पण तारखा ओळीने मांडल्या (हिशेबनीसाची खोड) की वेगळं दिसतं. जे. जे.नंतर बडोद्याचं कलाभवन, तिथे चित्रकला आणि फोटोग्राफी. मग हाफटोन ब्लॉक करायला शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगात पहिली बायको आणि मूल गेलं. परत बडोदा. नाटकांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकून 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोग केले. केळफा म्हणजे फाळके उलटं! १९०३मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी, बंगालच्या फाळणीनंतरच्या स्वदेशीच्या वातावरणात तीही सोडली. मग लोणावळ्याला छापखाना, रविवर्म्याच्या चित्रांच्या प्रेससाठी काम, पुढे दादरला भागीदारीत प्रेस. १९०९मध्ये रंगीत छपाईसाठी जर्मनीला जाऊन आले. आणि मग भागीदारांशी बिनसलं आणि त्यातून ते हात हलवत बाहेर पडले.

हे सगळं सिनेमा पाहण्याच्या आधीचं. म्हणजे त्या तंबूत बसलेला माणूस काही सोडून आलेला नव्हता, त्याच्याकडे सोडायला काही उरलंच नव्हतं. वय चाळीस, हातात धंदा नाही. पण चित्र, कॅमेरा, रसायनं, पडदे, जादू आणि छपाई असं सगळं मात्र येत होतं. सिनेमाला आणखी काय लागतं? त्यांनी क्षेत्र बदललं असं आपण म्हणतो, पण मला तर वाटतं की पंचवीस वर्षं इकडेतिकडे शिकलेलं सगळं एकदम उपयोगी पडेल अशी जागा त्यांना पहिल्यांदा सापडली.

पैसे कसे उभे केले हे त्याहून महत्त्वाचं. बारा हजारांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार घेतले. पैसे देणाऱ्यांना पटावं म्हणून एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रोज थोडा थोडा चित्रित करत गेले. बी फुटतं, अंकुर वर येतो, वेल होते. मिनिटभराची फिल्म. या वाटाण्याचं मला फार अप्रूप वाटतं. समोरच्याला राम-कृष्णाची स्वप्नं सांगण्याऐवजी त्यांनी वाटाणा दाखवला. १ फेब्रुवारी १९१२ला ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला गाठलं, त्याच्या ओळखीने सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसनचा कॅमेरा ठरवला आणि एप्रिलमध्ये परत. ३ मे १९१३ला कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते.

हे सगळं मी एका रविवारी बायकोला रंगवून सांगितलं. कपाटातून माझी पॉलिसीही काढून ठेवली होती, नुसती बघायला. ती पोह्यांचे कांदे चिरत होती. म्हणाली, "अरे, पण फाळक्यांनी सरस्वतीबाईंना विचारलं होतं का?"

मी गप्प. मग जे माहीत होतं ते सांगितलं. सरस्वतीबाईंचे दागिने गेले. दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करायच्या आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडेला भोकं पाडत बसायच्या, कारण कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. रसायनंही कालवायच्या. बायको म्हणाली, "म्हणजे नोकरी दोघांची बदलली. पाटी एकाच्या नावाची." आणि कांद्याचं ताट घेऊन आत गेली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

लक्ष्मणरावांची रीत निराळी होती. मुंबईत नोकरी करत असतानाच, १८८८ साली, बेळगावला रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान निघालं. सायकल तेव्हा श्रीमंतांची चीज. हे मुंबईहून माल पाठवायचे, तिकडे रामूअण्णा विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. असं नऊएक वर्षं चाललं. मग नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियनला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. साल १८९७.

इथे मी बराच वेळ थांबलो, सरस हातावर वाळेपर्यंत. कारण साधं आहे, तीच बढती, तोच राग. फरक एवढाच, की त्यांच्या रागामागे नऊ वर्षांचं चालू दुकान आणि एक भाऊ उभा होता. राग निमित्त झाला. मार्चमध्ये माझ्या मागे काय होतं? एक प्रेस, एक कटर आणि महिन्याकाठी सात ते नऊ हजारांचं काम.

आणि एवढी तयारी असूनही पुढचं सोपं गेलं नाहीच. कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे, लोखंडाने जमिनीत विष उतरतं. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. धंदा जरा उभा राहतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंग माजलेली बत्तीस एकर जमीन आणि दहा हजारांचं कर्ज. १९१०मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. (थोडं विषयांतर: हे राजे स्वतः चित्रकार होते, आणि पुढे औंधला येऊन वेदांच्या कामात बुडालेले पंडित सातवळेकर हेही जे. जे.चेच चित्रकार. त्या शाळेने किती चित्रकार दुसऱ्यांना देऊन टाकले कोण जाणे!)

म्हणजे लक्ष्मणरावांना स्थिरावायला नोकरी सोडल्यावरही तेरा वर्षं लागली. आणि फाळके? सिनेमातही ते एकसारखे टिकले नाहीत. हिंदुस्थान फिल्म कंपनीत पुन्हा भागीदारांशी मतभेद, पुन्हा बाहेर, काशीला जाऊन नाटक लिहिलं, परत आले. बोलपट आल्यावर त्यांचा काळच संपला. १९३७चा 'गंगावतरण' शेवटचा. १९४४ साली नाशिकला ते गेले तेव्हा हाती फारसं काही नव्हतं. भागीदाराशी न पटणं हा त्यांचा स्वभाव होता. व्यवसाय बदलले, तो काही बदलला नाही. हे लिहिताना मलाही जरा चाचपडायला होतं, कारण माझं साहेबाशी पटत नाही आणि उद्या गिऱ्हाइकांशी पटेलच असं कुणी सांगितलंय?

काल रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी वही घेतली. बायकोने स्वतःहून तीन अटी लिहिल्या. जेवणाच्या टेबलावरून सगळं सामान हलवायचं, म्हणजे भाड्याची एक खोली बघायची. मुलीची दहावी होईपर्यंत राजीनामा नाही. आणि बांधणीचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे, त्यातून सलग बारा महिने घराचा हप्ता निघाला तर पुन्हा बोलायचं. दागिन्यांबद्दल तिने काही लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. पॉलिसी परत कपाटात गेली.

खोली एक बघून ठेवली आहे, ओल आहे पण खिडकी उत्तरेची आहे. ओलीचं काही करता येईल. 'किर्लोस्कर'चा पहिला गठ्ठा शिवून झाला, दुसऱ्याचे पुठ्ठे उद्या कापायचे आहेत.