कल्याणमित्र : गोवर्धनच्या श्रेणींपासून येवल्याच्या परिषदेपर्यंत

संयुत्तनिकायातील उपड्ढसुत्तात एक छोटा पण अर्थगर्भ प्रसंग आला आहे. भगवान बुद्ध शाक्यांच्या नगरक नावाच्या निगमात विहरत असताना स्थविर आनंदांनी त्यांना सांगितले की, कल्याणमित्रांची संगत म्हणजे अर्धे ब्रह्मचर्यच होय. आनंदांना वाटले, आपण मैत्रीचा मोठाच गौरव केला. परंतु भगवंतांनी त्यांना थांबविले आणि ते अर्धे नसून संपूर्ण ब्रह्मचर्य आहे, असे सांगितले. ज्याला कल्याणमित्र लाभला त्याच्याकडून आर्य अष्टांगिक मार्गाची भावना होईल, अशी अपेक्षा करता येते, हे त्याचे कारणही त्यांनी दिले.

येथे अभ्यासकाच्या मनात एक शंका उभी राहते. महापरिनिब्बानसुत्तात त्याच आनंदांना भगवंत अत्तदीप होण्यास, दुसऱ्या कोणाला शरण न जाता स्वतःच्या आधारावर उभे राहण्यास सांगतात. मग मनुष्य स्वतःच स्वतःचा आधार असेल, तर मित्र हे संपूर्ण ब्रह्मचर्य कसे? आमच्या समाजाच्या दृष्टीने हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाही. शतकानुशतके ज्यांना दुसऱ्याच्या दयेवर जगावयास लावले गेले, त्यांनी मदत कोणाची घ्यावी, कशी घ्यावी आणि ती घेऊनही ताठ कसे राहावे, हा तो प्रश्न आहे.

त्याचे उत्तर दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात सापडते. गृहस्थांचा विनय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सुत्तात खरे मित्र चार प्रकारचे सांगितले आहेत : उपकारक, समानसुखदुक्ख, अत्थक्खायी आणि अनुकंपक. उपकारक मित्र गाफील क्षणी आपले रक्षण करतो आणि काम पडले असता गरजेच्या दुप्पट देतो. समानसुखदुक्ख मित्र आपत्तीत सोडून जात नाही. अत्थक्खायी म्हणजे हिताचे सांगणारा. तो पापापासून आवरतो आणि जे ऐकलेले नाही ते ऐकवितो. अनुकंपक मित्र आपल्या उत्कर्षाने आनंदतो व आपली निंदा करणाऱ्यास रोखतो. या चौघांपैकी एकही आपल्याला लाचार करीत नाही. जो मार्ग आपणच चालावयाचा, त्यावर तो आपल्याला उभे करतो. म्हणून अत्तदीप होणे आणि कल्याणमित्र लाभणे यांत विरोध नाही.

हा विचार सुत्तांतच राहिला नाही. नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील लेण्यांत तो दगडात कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यातील भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांचा निधी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवला. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते, व्याज तेवढे वापरावयाचे होते. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. त्यातून वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत. पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी निधी ठेवला. तो कुंभार, जलयंत्रे करणारे व तेली यांच्या श्रेणींनी सांभाळावयाचा होता. राजाचा जावई व उपासिका यांची नावे लेखांत आली. परंतु वर्षानुवर्षे चीवर आणि औषध ज्यांच्या भरवशावर पोहोचावयाचे, ते श्रमिक होते.

याच लेण्यांतील चैत्यगृहाच्या द्वारावर आणखी एक लेख आहे. ते दान धंभिक गावाचे आहे, एवढेच तो सांगतो. गावातील एकाही व्यक्तीचे नाव त्यात नाही. इतिहासात गाव असा दाता म्हणून उभा राहावा, ही गोष्ट आम्हास फार मोलाची वाटते.

आधुनिक काळात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन या चारही प्रकारच्या मित्रांनी संपन्न झाले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. जे ऐकलेले नाही ते ऐकविणारा अत्थक्खायी मित्र तो हाच. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले आणि छत्रपती शाहू महाराजांनीही साहाय्य केले. महाडच्या संग्रामात अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे स्पृश्य समाजातील असूनही बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले. १९२७ साली मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आपल्याच ज्ञातीचा रोष पत्करून निंदकांना रोखणारे हे अनुकंपक मित्र होत. या सर्वांचे साहाय्य बाबासाहेबांनी घेतले. पण त्यामुळे त्यांच्या स्वतंत्र बुद्धीला कोठेही बाध आला नाही.

समानसुखदुक्ख मित्राचा आदर्श पाहावयाचा, तर नाशिक जिल्ह्यातच पाहावा लागेल. लासलगावचे नाव आज कांद्याच्या बाजारपेठेमुळे देशभर माहीत आहे. त्याच्या पश्चिमेस दिंडोरी तालुका आहे. तेथील आंबे या गावी १५ ऑक्टोबर १९०२ रोजी कर्मवीर दादासाहेब तथा भाऊराव कृष्णाजी गायकवाड जन्मले. नैर्ऋत्येस काळाराम मंदिराचे नाशिक आहे आणि पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवर येवले. आमच्या चळवळीची तीन मोठी स्थाने अशी लासलगावच्या परिसराला वेढून आहेत.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. त्या मंदिराच्या चारही दरवाजांवर बसल्या. सुमारे पाच वर्षे हा लढा चालला आणि त्याचा स्थानिक भार दादासाहेबांनी वाहिला. त्याची किंमत खेड्यांनी मोजली. गावोगावी अस्पृश्यांच्या मुलांना शाळेतून काढण्यात आले, रस्ते बंद करण्यात आले, दुकानदारांनी जीवनावश्यक वस्तू देण्याचे नाकारले. तरीही लढा टिकला, कारण बहिष्कृतच एकमेकांचे उपकारक झाले.

मार्च १९३४ मध्ये येत्या रामनवमीस सत्याग्रह करावा काय, अशी विचारणा झाली असता बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्राने कळविले की, तो आता स्थगितच करावा. मूर्तिपूजेसाठी हा लढा आपण आरंभिला नव्हता, समाजाला जागे करण्यासाठी आरंभिला होता. ते कार्य झाले, आता शक्ती शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवावी, असा त्यांचा आशय होता. ज्या लढ्यात सहकाऱ्याने सर्वस्व ओतले, तो थांबवावा असे त्यालाच सांगणे ही मैत्रीची कठोर परीक्षा असते. गोड बोलणारा, पण हिताचे न सांगणारा तो मित्र नव्हे, तर मित्राच्या वेषातील परका, असे सिगालोवादसुत्त बजावते. येथे सांगणारा अत्थक्खायी होता आणि ऐकणाराही तितकाच मोठा होता.

पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास परिषद भरली. अमृतराव रणखांबे स्वागताध्यक्ष होते आणि सुमारे दहा हजारांचा समुदाय जमला होता. हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा बाबासाहेबांनी तेथे केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ती सिद्धीस नेली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरही दादासाहेबांनी ही मैत्री जपली. भूमिहीनांसाठी त्यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये सत्याग्रह उभारले. त्यांतील दुसऱ्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब निवर्तले.

लासलगावच्या बाजारात भरलेले पोते हमालाच्या पाठीवर चढते, तेव्हा बहुधा दुसऱ्या कोणाचा तरी हात त्याला लागलेला असतो. ओझे ज्याचे त्यालाच वाहावे लागते. हात लावणारा ते वाहत नाही. पण त्याच्या हाताविना ते पाठीवर चढणे कठीण. कल्याणमित्राचे कार्य याहून वेगळे नाही.

काळारामाच्या दरवाजावर बसलेल्यांच्या मुलांना भाकरी कोणी घातली, येवल्याच्या वाटेवर पाहुण्यांना निवारा कोणी दिला, त्यांची नावे चरित्रग्रंथांत क्वचितच येतात. धंभिक गावाने निदान आपल्या गावाचे नाव दगडात राखले. निफाड, येवले, दिंडोरी या तालुक्यांतील प्रत्येक विहाराने एक वही करावी. वृद्ध उपासक-उपासिकांनी आपल्या आई-वडिलांकडून ऐकलेली नावे तीत उतरवून घ्यावीत आणि वर्षावासात ती एकदा मोठ्याने वाचावीत. आपल्याला कोणाकोणाचा हात लागला, हे जाणणे म्हणजेच कृतज्ञता; आणि तथागतांनी कृतज्ञ मनुष्याला जगात दुर्लभ मानले आहे.