व्हिडिओ खेळांचे पुनर्संकलन

व्हिडिओ खेळांचे पुनर्संकलन : मूळ यंत्रे बाजारातून नाहीशी झाल्यानंतर, त्या यंत्रांसाठी एके काळी सुटे सुटे विकले गेलेले व्हिडिओ खेळ एकत्र करून, नव्या यंत्रांवर चालतील अशा रूपात त्यांच्या हक्कदारांनी पुन्हा प्रसिद्ध केलेला संच. वाङ्मयात वेच्यांच्या संग्रहाचे जे स्थान, तेच स्थूलमानाने ह्या क्षेत्रात अशा संचाचे होय. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ (1854) ह्या संग्रहामुळे जुने मराठी कवी पोथीच्या फडक्यातून निघून विद्यार्थ्याच्या दप्तरात आले, आणि पुढील कित्येक वाचकांना मोरोपंत प्रथम भेटले ते पोथीत नव्हे, तर वेच्यांत. व्हिडिओ खेळांच्या बाबतीत महाराष्ट्राची स्थिती काहीशी अशीच, किंबहुना अधिक चमत्कारिक आहे; कारण येथील मुलांना हे खेळ मुळातच संकलनरूपाने, आणि तेही हक्कदारांच्या परवानगीवाचून तयार झालेल्या संकलनांतून, परिचित झाले.

उगम व प्रकार : निंटेंडो ह्या जपानी कंपनीने 1993 मध्ये आपल्या चार जुन्या मारिओ-खेळांची चित्रे नव्याने रंगवून त्यांचा ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ हा संच काढला, नामको कंपनीची ‘नामको म्यूझियम’ ही मालिका 1995 मध्ये सुरू झाली आणि तिने ‘पॅक-मॅन’ (1980), ‘गॅलागा’ (1981) इत्यादी नाणे टाकून खेळावयाचे खेळ घरच्या यंत्रावर आणले. पुढे ह्या प्रकाराला दोन फाटे फुटले. पहिला लघुयंत्राचा : 2016 च्या नोव्हेंबरात निंटेंडोने आपल्या जुन्या यंत्राची तळहातावर मावणारी प्रतिकृती 30 खेळ आत भरून विक्रीस काढली. दुसरा सटीप आवृत्तीचा : ‘अटारी 50’ (2022) ह्या संचात खेळांच्या जोडीला कर्त्यांच्या मुलाखती, जाहिराती आणि कागदपत्रे कालानुक्रमे लावलेली असून, संपादकाने पाठभेद व प्रस्तावना जोडावी तशी ही मांडणी आहे.

कार्यपद्धती : जुना खेळ नव्या यंत्रावर जसाच्या तसा चालत नाही. जुन्या यंत्राचा प्रक्रियक, त्याची चित्रे काढणारी व ध्वनी निर्माण करणारी अंगे यांचे वर्तन हुबेहूब नकलणारी एक आज्ञावली नव्या यंत्रात चालविली जाते आणि खेळ त्या सोंगालाच मूळ यंत्र समजून चालतो. हिला ‘एम्युलेटर’ म्हणतात. मूळ सामग्री आकाराने अत्यल्प असते. निंटेंडोच्या 1983 च्या ‘फॅमिकॉम’ यंत्राची कार्यस्मृती अवघी 2 किलोबाइट होती आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (1985) हा संपूर्ण खेळ 40 किलोबाइटांत मावतो. आज भ्रमणध्वनीवर काढलेले एखादे छायाचित्रही ह्याच्या कित्येक पट जागा व्यापते.

मराठी मुलखातील पूर्वरूप : फॅमिकॉमच्या नकला करून तैवान व चीन येथे बनविलेली यंत्रे 1990 नंतरच्या दशकात भारतात सर्वत्र पसरली आणि 2001 च्या एप्रिलमध्ये आयातीवरील उरलेली परिमाणात्मक बंधने उठल्यावर अशा मालाची आवक अधिकच सुलभ झाली. घरोघरी त्या यंत्राला ‘टीव्ही गेम’ किंवा नुसते ‘व्हिडिओ गेम’, त्याच्या हातात धरावयाच्या भागाला ‘रिमोट’, आणि खेळ ज्यात असे त्या प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीला ‘कॅसेट’ म्हणत, जरी तीत फीत नावालाही नसे. सुट्या खेळाची कॅसेट क्वचितच दिसे. सर्रास विकली जाई ती बहुखेळी कॅसेट, जिच्या वेष्टनावर आणि पडद्यावरील यादीत नव्याण्णव लक्षांच्याही पुढे जाणारा आकडा दिमाखाने झळके आणि यादी खाली खाली सरकवीत गेल्यास असे ध्यानात येई की, तेच पाचपन्नास खेळ, कधी दुसऱ्याच टप्प्यापासून सुरू होणारे, कधी जास्तीच्या ‘लाइफ’ (खेळण्याच्या संधी) दिलेले, निरनिराळी नावे धारण करून पुनःपुन्हा हजेरी लावीत आहेत. ‘कॉन्ट्रा’ ह्या खेळात वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए अशा कळा क्रमाने दाबल्यास तीस लाइफ मिळतात, हे गुपित कानोकानी फिरे. परंतु पुष्कळ कॅसेटींत त्याचे फळ यादीतच आयते लावून ठेवलेले असे.

उचगाव : वरील पूर्वरूपाचे उदाहरण म्हणून घेता येण्याजोगे, करवीर तालुक्यातील हे गाव कोल्हापूर शहराला लागून, पुणे–बंगळूर महामार्गाच्या काठी वसले आहे. दप्तरी गाव आणि व्यवहारात शहर, अशा ह्या सीमेवरच्या वस्तीत टीव्ही गेमचे जे स्वरूप होते, ते जिल्ह्यातील अन्य उपनगरांपेक्षा फारसे भिन्न मानण्याचे कारण नाही : गल्लीत एका घरी यंत्र, आणि त्याभोवती आळीपाळीने रिमोट हाती येण्याची वाट पाहणारी पाचसात मुले. खेळ सुरू न झाल्यास कॅसेट काढून तिच्या तोंडाशी फुंकर घालावयाची आणि पुन्हा दाबून बसवावयाची, हा विधी सार्वत्रिक होता. वास्तविक गुण फुंकरीचा नसे. खाचेतील धातूच्या पट्ट्यांशी कॅसेटीच्या कडेचा संपर्क काढघालीमुळे पूर्ववत् होई, इतकेच. उलट श्वासातील ओलाव्याने त्या पट्ट्या कालांतराने गंजण्याचेच भय अधिक. कॉन्ट्रा, मारिओ यांसारख्या खेळांत प्रगती साठवून ठेवण्याची कसलीही सोय नव्हती. त्यामुळे भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली, की सातव्या ‘राउंड’पर्यंत पोहोचलेल्या मुलाचा सारा हिशेब तत्क्षणी रद्दबातल होऊन त्याला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे.

पुनर्भेटीतील अंतर : अधिकृत संच हाती आल्यावर अशा मुलाला, आता प्रौढ झालेल्या, जे दिसते ते त्याच्या स्मरणाशी पूर्णतः जुळत नाही आणि ह्या विसंगतीची कारणे शोधण्याजोगी आहेत. पहिले कारण निवडीचे. निंटेंडोच्या 2016 च्या लघुयंत्रातील तीस खेळांत कॉन्ट्राचा उत्तरभाग ‘सुपर सी’ आहे, पण स्वतः कॉन्ट्रा नाही, ‘डक हंट’ नाही, ‘सर्कस चार्ली’ नाही, ‘रोड फायटर’ नाही आणि रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ही नाही, म्हणजे बहुखेळी कॅसेटीवर वाढलेला मनुष्य जे खेळ प्रथम शोधील, नेमके त्यांतलेच कित्येक गैरहजर. कॉन्ट्रा पुढे 2019 मध्ये कोनामी कंपनीने काढलेल्या वर्धापन-संचात मिळाला.

दुसरे कारण गतीचे असून ते अधिक सूक्ष्म आहे. जपानी यंत्र सेकंदाला सुमारे 60 वेळा चित्र रेखाटणाऱ्या दूरचित्रवाणीसाठी बनलेले होते. भारतात तेव्हा प्रचलित असलेल्या ‘पाल’ ह्या दूरचित्रवाणी-पद्धतीत हे प्रमाण 50 होते. हे खेळ प्रत्येक चित्रागणिक एक पाऊल पुढे सरकतात. सबब 50 च्या हिशेबाने चालणाऱ्या नकली यंत्रांत तेच खेळ सुमारे एक षष्ठांशाने मंदावत आणि त्यांचे संगीतही त्याच प्रमाणात विलंबित लयीत वाजे. आजचे संच बहुधा 60 च्या गतीने चालतात. तेव्हा मारिओ आपल्या स्मरणातल्यापेक्षा अधिक चपळ भासल्यास तो दोष सर्वस्वी वाढत्या वयाचा नव्हे.

तिसरे कारण सोयींचे. संचांतून कोणत्याही क्षणी खेळ साठविता येतो, आणि पुष्कळांत चुकलेली उडी मागे घेऊन पुन्हा मारता येते. ज्या खेळाची सारी रचना मर्यादित लाइफ आणि शेवटच्या लाइफेची धास्ती यांवर उभारलेली होती, त्यातून धास्ती वजा केली असता खेळ पाहावयास मिळतो, पण त्याचा कस उतरतो. तथापि नोकरी-संसारातून अर्धा तास काढणाऱ्या खेळाडूला आठव्या टप्प्याचे दर्शन जन्मात प्रथमच घडते, ते ह्या सोयीमुळेच, हेही नमूद केले पाहिजे.

कायदेशीर बाजू : भारतात संगणकीय आज्ञावलीला 1957 च्या कॉपीराइट अधिनियमाचे संरक्षण 1984 च्या दुरुस्तीने मिळाले, अर्थात बहुखेळी कॅसेटी येथे खपू लागल्या तेव्हा कायदा अस्तित्वात होता, अंमलबजावणी मात्र बेताचीच होती. दुसरीकडे, पैसे घेऊन खेळ खेळू देणारी व्हिडिओ पार्लरे महाराष्ट्रात 1923 च्या करमणूक शुल्क अधिनियमाच्या कक्षेत येत. परवाना आणि शुल्क यांचा संबंध व्यवसायाशी होता. आतील खेळ अस्सल की नक्कल, ही बाब त्या हिशेबात येत नसे.

जतन व मूल्यमापन : अमेरिकेत 2010 पूर्वी प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओ खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असा निष्कर्ष तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये मांडला. कोल्हापूरकरांना अशा हानीचा अनुभव नवा नाही. बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरातील महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. पुनर्संकलनामुळे हा ऱ्हास काही अंशी रोखला जातो, हे त्याचे मोठे श्रेय; परंतु संकलक तारतो ती हक्कदाराची प्रत, आणि मराठी घरांत खेळली गेली ती प्रत वेगळी होती. तिची फुगविलेली यादी, शीर्षकपट्टी खरवडलेले खेळ आणि मंद लय ह्या गोष्टी कोणताही हक्कदार स्वतःच्या नावावर पुन्हा छापणार नाही.

संकलन खेळ तारते, पण तो ज्यांवर चाले ती उपकरणे तारू शकत नाही; ह्या आणखी एका मर्यादेचे ठळक उदाहरण बदकांच्या खेळाचे, म्हणजे डक हंटचे, होय. त्याच्या प्लॅस्टिकच्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नसे. उलट तिच्या नळीत प्रकाश टिपणारा डोळा असे. चाप ओढताच पडदा क्षणार्धात काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि तो उजेड नळीच्या डोळ्याने टिपला तरच बदक पडे. हा सारा व्यवहार जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणीच्या तात्काळ प्रकाशावर अवलंबून होता. सपाट पडद्यावर चित्र किंचित् उशिरा उमटते आणि बंदूक आंधळी होते. म्हणून हा खेळ 2014 मध्ये नव्या यंत्रासाठी पुन्हा काढताना बंदुकीचे काम निराळ्या तऱ्हेच्या हातनियंत्रकावर सोपवावे लागले. तो मुळाबरहुकूम खेळावयाचा तर कॅसेट, बंदूक आणि काचनळीचा टीव्ही ही तिन्ही एकत्र टिकली पाहिजेत. पैकी पहिल्या दोन वस्तू आकाराने लहान असल्यामुळे माळ्यावरच्या खोक्यात राहून जातात. टीव्ही मात्र जागा अडवितो म्हणून बहुतेक घरांतून सर्वांत आधी भंगारात गेला.