किलोभर वजनाची कसोटी

अवकाशात पाठवायच्या नव्या उपकरणाची जमिनीवर, निर्वात कक्षात म्हणजे हवा काढून घेतलेल्या बंद दालनात, कितीही परीक्षा घेतली, तरी दीर्घकाळची वजनरहित अवस्था, किरणोत्सार आणि दर दीड तासाने पालटणारे ऊन-सावलीचे चक्र हे सारे एकत्र तेथे उभे करता येत नाही. आणि मोठ्या खर्चाच्या उपग्रहावर अपरीक्षित यंत्रणा बसवण्याचा धोका सहसा कोणी पत्करत नाही. ही कोंडी फोडण्यात छोट्या उपग्रहांचा वाटा फार मोठा आहे. 12 डिसेंबर 1961 रोजी अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांनी बनवलेला ‘ऑस्कर-1’ हा सुमारे साडेचार किलोचा उपग्रह अग्निबाणाचा तोल राखण्यासाठी ठेवल्या जाणाऱ्या वजनाच्या जागी बसून कक्षेत गेला. पुढे 1981 मध्ये इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या ‘यूओसॅट-1’ने बाजारात मिळणारे इलेक्ट्रॉनिक भागही अवकाशात टिकतात हे दाखवले. 1999 मध्ये जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज या अमेरिकी प्राध्यापकांनी दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाकार उपग्रहाचे, म्हणजे ‘क्यूबसॅट’चे, प्रमाण ठरवले आणि विद्यार्थ्यांनाही ही वाट खुली झाली.

भारतात अण्णा विद्यापीठाचा ‘अनुसॅट’ 2009 मध्ये गेला, त्यानंतर ‘स्टडसॅट’ आणि ‘जुगनू’ गेले. परंतु प्रयोग या दृष्टीने पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांच्या एकामागून एक आलेल्या तुकड्यांनी घडवलेला हा जेमतेम एक किलोचा उपग्रह 22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी34 या प्रक्षेपकाने इतर एकोणीस उपग्रहांसह कक्षेत नेला. उपग्रहाची दिशा राखण्यासाठी सामान्यतः फिरती चाके किंवा विद्युतचुंबक वापरतात व त्यांना सतत वीज लागते. ‘स्वयम्’मध्ये मात्र कायमचुंबक बसवला होता, जो होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहतो, आणि त्याच्या जोडीला मृदू चुंबकीय धातूच्या कांड्या होत्या, ज्या उपग्रहाच्या गिरक्यांची ऊर्जा उष्णतेत बदलून त्या हळूहळू शमवतात. अशा यंत्रणेत अचूक नेम साधत नाही, पण ‘स्वयम्’चे काम एका ठिकाणचा छोटा संदेश साठवून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवण्याचे असल्याने तेवढी दिशा पुरेशी होती. गरजेपुरतेच मागणे आणि तेवढ्यासाठी वीज न खाणारा उपाय निवडणे, हा विचार खऱ्या अभियंत्याचा होय, आणि तो विद्यार्थ्यांनी केला ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोचा ‘प्रथम’ही गेला, वातावरणाच्या वरच्या थरातील इलेक्ट्रॉनांचे प्रमाण मोजणे हा त्याचा हेतू होता.

नवी यंत्रणा आधी कमी खर्चात अवकाशातच पारखून पाहण्याची ही पद्धत इस्रोने पुढे अधिक अवघड कामांसाठी वापरली. उपग्रह सोडल्यावर निरुपयोगी ठरणारा पीएसएलव्हीचा चौथा टप्पा 2022 पासून ‘पोएम’ या नावाने प्रयोगांचे फिरते व्यासपीठ म्हणून वापरात आला. अवकाशात दोन याने एकमेकांना जोडण्याची विद्या भावी अंतराळ स्थानकासाठी अत्यावश्यक असूनही तिचा पहिला प्रयोग मोठ्या यानांवर न करता प्रत्येकी सुमारे 220 किलोच्या दोन छोट्या उपग्रहांवर करण्यात आला. 30 डिसेंबर 2024 रोजी प्रक्षेपित झालेले ‘स्पेडेक्स’चे हे उपग्रह 16 जानेवारी 2025 रोजी कक्षेत एकमेकांना जोडले गेले आणि हे कौशल्य साधणारा भारत हा जगातील चौथा देश ठरला.