जनरेटर बंद, स्टेटस ग्रीन

शुक्रवारी संध्याकाळी स्टेटस रिपोर्ट भरताना मी एका मॉड्यूलपुढे 'ग्रीन' लिहिलं. ते ग्रीन नव्हतं. म्हटलं, शनिवार-रविवारात निस्तरून टाकू, कोणाला कळतंय! आणि शनिवारी कोड उघडायचा सोडून मी १९६८ सालच्या एका बोटींच्या शर्यतीबद्दल वाचत बसलो. आता झोप उडाली आहे, म्हणून हा लेख.

तर मंडळी, शर्यत अशी होती: शिडाच्या बोटीतून एकट्यानं, कुठल्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. 'संडे टाइम्स'नं पहिल्या येणाऱ्याला 'गोल्डन ग्लोब' आणि सर्वात कमी वेळ घेणाऱ्याला ५,००० पौंड जाहीर केले होते. नऊ जण निघाले. त्यातल्या दोघांचा आपल्याकडे धागा आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ३२ फुटी 'सुहैली' चक्क आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी. आणि डोनाल्ड क्रोहर्स्ट जन्मला गाझियाबादला, १९३२ साली. धंद्यानं इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, म्हणजे आपल्याच जातकुळीतला.

आता बोटीवरच्या विजेचं गणित. किनारा सुटला की प्लग लावायला भिंत नाही. छोटं इंजिन किंवा जनरेटर चालवायचा, बॅटरी भरायची आणि त्यावर दिवे, रेडिओ. ही साखळी कुठेही तुटू शकते, आणि खारं पाणी ती तोडायला टपलेलंच असतं. दोघांचीही तुटली.

रॉबिनकडे चार्जिंगचं इंजिन होतं. त्याच्या मॅग्नेटोतली फट जुळवायची तर फिलर गेज हवा, आणि तोच नेमका बोटीवर नव्हता. गड्यानं एक पुस्तक घेतलं, एका इंचात किती पानं बसतात ते मोजलं. २००! म्हणजे एक पान पाच थाऊ, तीन पानं पंधरा थाऊ. झाला गेज तयार. सोल्डर नव्हतं, तर जादा बल्बांचं सोल्डर वितळवून वापरलं. एकदा बॅटऱ्या तपासताना ॲसिड डोळ्यात उडालं, तरी तो पुढे जात राहिला. रेडिओचा ट्रान्समीटर मात्र गेला तो गेलाच. नोव्हेंबरात न्यूझीलंडजवळ दिसल्यानंतर एप्रिलपर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता.

क्रोहर्स्टची गोष्ट वेगळी. तो निघाला ३१ ऑक्टोबर १९६८ ला, म्हणजे डेडलाइनच्या शेवटच्या दिवशी. त्याच्या 'टेनमथ इलेक्ट्रॉन'वर बोट सांभाळणारा कॉम्प्युटर असणार होता. रंगीत वायरींचे जुडगे बोटभर फिरवलेले होते, पण ते जिथे जाऊन जोडले जायचे तिथे काहीच नव्हतं! (डेमोला असले प्रकार मीही केलेत, त्यामुळे हसू आलं नाही.) दोनच आठवड्यांत कॉकपिटच्या झाकणातून पाणी झिरपून खालचा जनरेटर बुडाला. त्यानं वहीत एकेक दोष लिहून काढला. वीज नाही म्हणजे रेडिओ नाही, घड्याळ जुळवायला वेळेचे सिग्नल नाहीत, दिवे नाहीत. पुढे गेलो तर जगण्याची शक्यता फार तर निम्मी, असा हिशोबही मांडला. इतका प्रामाणिक बग रिपोर्ट मी आयुष्यात लिहिलेला नाही.

मग त्यानं जनरेटर खोलला, सुकवला, चालू केला. इंजिनिअर म्हणून तो कुठेच कमी नव्हता. पण रेडिओ सुरू झाल्यावर त्या वहीतला निष्कर्ष काही त्यानं किनाऱ्यावर सांगितला नाही. शर्यत सोडली तर करारानुसार बोट विकत घ्यावी लागणार, म्हणजे दिवाळं. डिसेंबरात त्यानं एका दिवसात २४३ मैल कापल्याचं खोटं कळवलं. जानेवारीत संदेश पाठवला की जनरेटरचं झाकण सील केलंय, आता संपर्क जमेल तेव्हा. खरं तर तो अटलांटिकमध्येच घुटमळत होता, दक्षिण महासागरात गेल्याचं नाटक करत. दुरुस्त झालेला बिघाडच आता सबब झाला होता.

२२ एप्रिल १९६९ ला सुहैली ३१२ दिवसांनी फाल्मथला पोचली. नऊ जणांत शर्यत पूर्ण करणारी ती एकटीच. क्रोहर्स्ट मागून जोरात येतोय असं समजून नायजेल टेटलीनं आपली खिळखिळी बोट ताणली, ती मे महिन्यात बुडाली. आता बक्षीस क्रोहर्स्टलाच मिळणार, म्हणजे वह्या तपासल्या जाणार. जूनमध्ये बिघडलेला ट्रान्समीटर जुळवत तो दिवसचे दिवस बसला. १ जुलैला वही थांबते. १० जुलैला बोट सापडली, रिकामी. रॉबिननं आपले ५,००० पौंड त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले.

बिघाड दोघांकडेही होता, आणि दुरुस्तीही दोघांना येत होती. मग मला सारखं वाटतंय, क्रोहर्स्टनं ती पहिली यादी तशीच्या तशी वाचून दाखवली असती तर? नाचक्की झाली असती. दिवाळंही निघालं असतं. पण चार पोरांचा बाप घरी आला असता.

असो. रात्रीचे दोन वाजलेत. मॅनेजरला मेल टाकलाय: मॉड्यूल रेड आहे, दोष खाली दिलेत. सोमवारी बोलणी बसतील.